सेल्फ फिरतोय, पण गाडी पकडत नाही

सकाळी पावणेसातला बडोद्याच्या कारेलीबागेतल्या वहिनींचा, माझ्या मित्राच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, गाडी नुसती सेल्फ मारतेय, सुरूच होत नाहीये. पोराचा आज पेपर आहे हो." मागून आवाज येतच होता. धुर्र-धुर्र-धुर्र-धुर्र, दहा-बारा सेकंद, मग जरा शांतता, की पुन्हा तेच. मी म्हटलं, "वहिनी, आधी चावीवरचा हात काढा. पोराला रिक्षात बसवून द्या. मग आपण बघू."

चावीवरचा हात काढायला का सांगितलं ते आधी सांगतो, कारण मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचं आहे ते हेच. स्टार्टर मोटर, म्हणजे आपला सेल्फ, इंजिनाला मिनिटाला साधारण दोनशे फेरे फिरवते, म्हणजे तीन सेकंदांत दहा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडरना पेटायची संधी मिळते. तीन सेकंद सेल्फ मारला की इंजिनाला अशा वीस संधी मिळून गेल्या. धडधाकट गाडी त्यातल्या पहिल्या काहींतच पकडते. वीस संधींत जे इंजिन एकदाही पेटलं नाही, त्याला पेटायला लागणारं काहीतरी मिळत नाहीये. ते काय, हे न शोधता आणखी दोनशे संधी दिल्या तरी ते मिळणार नाही.

शिवाय प्रत्येक वेळी काहीतरी बिघडतं. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टरसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर खेचतो. दोन्ही हेडलाइट मिळून घेतात ते दहाच्या आसपास. म्हणजे पाच-सात मिनिटांच्या हट्टात चांगली बॅटरीही बसते. न पेटलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, ठिणगी देणारे प्लग ओले करतं, आणि पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साठतं. मग गाडी सुरू झाली की तिथेच पेटून त्याचं नुकसान करतं. सकाळी एकच दोष असलेली गाडी गॅरेजात येईपर्यंत तीन दोषांची झालेली मी कितीदा पाहिली आहे. म्हणून एकदा पाच सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट विश्रांती, पुन्हा पाच सेकंद. तिसऱ्या खेपेआधी खाली उतरा.

फिरतंय, म्हणजे काय कळलं?

"गाडी सुरू होत नाही" या एकाच वाक्यात लोक दोन अगदी वेगळ्या तक्रारी सांगतात. पहिलीत चावी फिरवल्यावर नुसतं "टक्" होतं, किंवा "टकटकटक" होऊन डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. इंजिन हलतच नाही. तिथे बॅटरी, तिची टर्मिनलं, अर्थची वायर, स्टार्टर मोटर हे बघायचं. दुसरीत इंजिन व्यवस्थित फिरतं, पण पकडत नाही. हा लेख दुसरीबद्दल आहे. या दोन तक्रारींची गल्लत झाली की नवी बॅटरी विकत घेतली जाते आणि गाडी तशीच उभी राहते.

इंजिन जोमात फिरतंय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर आपापलं काम करताहेत. यात एक अपवाद ध्यानात ठेवा. फिरणं रेंगाळत असेल, धुर्र...... धुर्र...... असं, तर बॅटरीवर संशय घ्यायचाच. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती दहाच्या बरीच खाली गेली, तर मोटर कशीबशी फिरते, पण इंजिनाचा कॉम्प्युटर आणि ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल यांना विजेचा पुरेसा दाब मिळत नाही. अशा गाडीला शेजाऱ्याच्या बॅटरीची वायर लावली की ती लगेच सुरू होते.

विजेवर चालणारा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा कंपनीनं बसवून दिला. त्याआधी माणूस पुढे उभा राहून लोखंडी हँडल फिरवायचा, आणि जुन्या जीपला तर तो हँडल आपल्यापैकी कित्येकांनी फिरवलेला आहे. एका माणसाच्या मनगटाच्या दोन-चार झटक्यांत इंजिन पकडायचं. बाकी सगळं जागेवर असेल तर इंजिनाला सुरू व्हायला किती थोडं फिरावं लागतं, ते यावरून दिसतं.

तर "बाकी सगळं" म्हणजे काय? स्वयंपाकघरात गॅसचं बटण फिरवून लायटर मारतो तसंच आहे. गॅस आला नाही तर लायटर कितीही मारा, काही होत नाही. गॅस येतोय पण लायटरची ठिणगी पडत नाही, तरी तेच. आणि गॅस आधी सोडून ठेवला आणि लायटर उशिरा मारला, तर भलतंच होतं. पेट्रोल इंजिनाला इंधन हवं, हवा हवी (वजनानं एका भागाला सुमारे १४.७ भाग), ठिणगी हवी, या मिश्रणावर नीट दाब बसायला हवा, आणि हे सगळं नेमक्या क्षणी व्हायला हवं. डिझेलमध्ये ठिणगी नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते, आपल्या पेट्रोल गाड्यांत दहा-अकरा पट तर डिझेलमध्ये सोळा-अठरा पट, की ती तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं.

चावी अर्धीच फिरवा

वहिनींना मी पुढचं सांगितलं ते हे. सगळी दारं-काचा बंद करा, पंखा बंद, गाणी बंद. आता चावी "ऑन"पर्यंत फिरवा, सेल्फ मारू नका, आणि काय दिसतं, काय ऐकू येतं ते सांगा.

पहिल्यांदा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा बघायचा. तो या वेळी लागायलाच हवा. लोक तो दिवा लागला की घाबरतात, पण इंजिन बंद असताना चावी ऑन केली आणि तो लागलाच नाही, तर ती जास्त मोठी खूण आहे. इंजिनाच्या कॉम्प्युटरलाच वीज पोचत नसावी. फ्यूज, मुख्य रिले (हुकूम मिळाला की वीज जोडणारा स्विच), उंदरांनी कुरतडलेली वायर, असं काहीतरी. अशा गाडीत दोष वाचायचा स्कॅनर लावला तरी तो कॉम्प्युटरशी बोलू शकत नाही.

दुसरा दिवा चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा. तो नेहमीसारखा विझून न जाता लुकलुकत राहिला, तर गाडीनं चावी ओळखलेली नाही. चावीच्या प्लास्टिकमध्ये एक बारीक चिप असते. काही गाड्या चावी ओळखली नाही तर सेल्फच मारू देत नाहीत. काही मारू देतात पण इंधन तोडतात, आणि काही सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतात. या चिपला सेल लागत नाही. कुलपाभोवतीच्या कड्यातून तिला वीज मिळते. त्यामुळे रिमोटचा सेल बदलून हा दोष जात नाही. कपाटातली दुसरी चावी आणून बघा. बटणवाल्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल, तर रिमोटच बटणाला टेकवून बटण दाबायचं. बऱ्याच गाड्या तशा सुरू होतात.

वहिनींच्या गाडीत दोन्ही दिवे ठीक होते. म्हटलं, आता फोन मागच्या सीटच्या गादीला टेकवून धरा आणि चावी बंद करून पुन्हा ऑन करा. बहुतेक पेट्रोल गाड्यांची टाकी मागच्या सीटखाली असते आणि पेट्रोलचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला. चावी ऑन केली की तो साधारण दोन सेकंद "झुंऽऽ" करतो, लाइनमध्ये तीन-चार बारचा दाब भरतो आणि थांबतो. (काही नव्या गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडतानाच तो फिरून घेतो, त्यामुळे तुमची गाडी चांगली असताना एकदा हा आवाज ऐकून ठेवा.) फोनवर मला पुढून एक बारीक "टिक्" ऐकू आलं, दोन सेकंदांनी पुन्हा "टिक्". मधल्या वेळात कंपाउंडमधल्या साळुंक्या तेवढ्या ऐकू आल्या. झुंऽऽ नव्हतं.

टिक् म्हणजे रिले. कॉम्प्युटरनं हुकूम दिला होता, रिलेनं तो ऐकलाही होता, पण पंप फिरत नव्हता. आता मधे तीनच गोष्टी उरल्या: रिलेच्या आतला जळलेला पॉइंट, फ्यूज, किंवा पंप आणि त्याची वायर. फ्यूज काढून उजेडात बघितला, तार शाबूत. बॉनेटखालच्या डब्यात हॉर्नचा रिले त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा होता. माझ्या मित्राला दोन्हींची अदलाबदल करायला लावली. हॉर्न वाजला, म्हणजे पंपाचा रिले चांगला. हॉर्नचा रिले लावूनही पंप मुका, म्हणजे दोष पंपाकडे. एवढं सगळं सव्वासातच्या आत, घरात असलेल्या माणसांनी, एकही पाना न वापरता शोधलं.

मग मी विचारलं, "वहिनी, पेट्रोलचा दिवा?"

"तो तर कधीपासून लागलेलाच असतो. गाडी सीएनजीवर आहे ना."

सीएनजीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी

बडोद्यात हे दुखणं फार. सीएनजीच्या रांगेत उभं राहून पैसे वाचवणाऱ्या माणसाला पेट्रोल टाकायचं जिवावर येतं, आणि ते मला समजतं. पण बहुतेक सीएनजी गाड्या सुरू होतात पेट्रोलवर. काही सेकंदांनी इंजिन जरा तापलं की त्या गॅसवर जातात. थेट गॅसवर सुरू होणाऱ्या गाड्याही आता आहेत, पण रस्त्यावरच्या पुष्कळ गाड्या पहिल्या प्रकारच्या. त्यांना रोज सकाळी पंप लागतोच. आणि या पंपाला थंड कोण ठेवतं? ज्यात तो बुडालेला असतो ते पेट्रोल. टाकीत पेला-दोन पेले पेट्रोल ठेवून वर्षानुवर्षं गाडी चालवली की पंप उघडा पडतो, तापतो, तळाचा गाळ ओढतो आणि एक दिवस मरतो. टाकी भरलेली असूनही पेट्रोल सहा-आठ महिने वापरलंच नाही तर आणखी एक अडचण होते. त्यातला सहज पेटणारा हलका भाग उडून जातो आणि उरलेलं थंड इंजिनात नीट पेटत नाही.

म्हणून टाकी निदान पाव भरलेली ठेवा, आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर गाडी पेट्रोलवरच चालवा. वर्षभराचं ते पेट्रोल एका पंपाच्या किमतीपेक्षा कमी पडतं. काही किटमध्ये सीएनजीचं बटण दाबून धरून चावी ऑन केली की गाडी अडीनडीला थेट गॅसवर सुरू होते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ते आहे का, हे आजच बघून ठेवा.

वहिनींकडे मी आठ वाजता पोचलो. टाकीच्या तळाला रबरी हातोडीनं हलकेच ठोकलं, मित्राला चावी ऑन करायला सांगितली. तिसऱ्या ठोक्याला पंप घरघरत फिरला आणि गाडी पकडली. मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजले की ती एका जागी अडकते आणि धक्क्यानं सुटते, तसं झालं होतं. पण ही युक्ती गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरतीच. पंप त्याच दिवशी बदलला.

चार जण एकदम आजारी पडत नाहीत

समजा पंपाचा आवाज आला, दिवे ठीक आहेत, तरी गाडी पकडत नाही. आता पाच सेकंद सेल्फ मारून सायलेन्सरपाशी जा आणि वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास असेल तर इंधन पोचतंय आणि पेटत नाहीये. अजिबात वास नसेल तर पोचतच नाहीये. मेकॅनिक प्लग काढून हेच बघतो. प्लग ओला म्हणजे ठिणगीकडे बोट, कोरडा म्हणजे इंधनाकडे.

प्लग ओले असण्याचं एक साधं कारण आपल्या गल्ल्यांत रोज घडतं. रावपुऱ्यात कुणाला वाट द्यायला गाडी दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल ओतलं गेलं होतं, ते तसंच राहिलं. मेकॅनिक म्हणतात, "पेट्रोल ओव्हर झालं." यावर उपाय असा: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटर याचा अर्थ "पेट्रोल थांबव, नुसती हवा जाऊ दे" असा घेतो आणि प्लग वाळतात. पकडली की पाय लगेच काढा.

यानंही झालं नाही तर माझ्या मते सगळ्यांत उपयोगी विचार हा आहे. आजच्या गाडीत बहुधा प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा प्लग, स्वतःची कॉइल, पेट्रोल फवारणारा स्वतःचा इंजेक्टर असतो. एक कॉइल गेली तर गाडी तीन सिलिंडरवर सुरू होते, थरथरते, ओढत नाही, पण सुरू होते. मग चारही सिलिंडर एका रात्रीत का थांबले? चार प्लग, चार कॉइल, चार इंजेक्टर एकाच पहाटे मरत नाहीत. चौघांना मिळून जे एकच लागतं ते गेलं असणार: पंप, मुख्य रिले, कॉम्प्युटरची वीज, चावीची ओळख, किंवा क्रँक सेन्सर. म्हणून सेल्फ फिरतोय पण पकडत नाही, आणि काही न तपासता कुणी "चारही प्लग आणि कॉइल बदलू" म्हणालं, तर थांबा आणि विचारा, कशावरून?

हे मी इतक्या आग्रहानं सांगतो त्याला आमच्या घरचा अनुभव आहे. मी या कामात पडण्याआधीची गोष्ट. बाबांची गाडी मे महिन्यात भरुचहून येताना भर दुपारी बंद पडली. सेल्फ छान फिरायचा, पकडायची नाही. तासाभरानं झाडाखाली आपोआप सुरू झाली. चार दिवसांनी पुन्हा तेच. एका गॅरेजात आधी प्लग बदलले, मग पंप, मग बॅटरी. अकरा हजार रुपये गेले, आणि गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा आई सोबत होती, पुलावर, उन्हात. शेवटी मांजलपूरच्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियननं बाबांना एकच प्रश्न विचारला: "बंद पडते तेव्हा सेल्फ मारताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा, काटा हलतो का?" हलत नव्हता.

क्रँक सेन्सर म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यापाशी बसवलेला बोटाएवढा भाग. दांड्यासोबत एक दातेरी चाक फिरतं. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम काढलेले असतात. दात समोरून गेला की सेन्सर खूण देतो, दोन दातांचं रिकामं भगदाड आलं की कॉम्प्युटरला कळतं, दांडा आता नेमका इथे आहे. त्यावरून ठिणगी कधी आणि इंधन कधी, ते तो ठरवतो. सेन्सर गप्प बसला तर कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये. तो ठिणगीही देत नाही आणि इंधनही नाही. पुष्कळ गाड्यांत सेल्फ मारताना काटा दोनशेच्या आसपास जरासा उठतो. तो मेल्यासारखा शून्यावर पडून राहिला, तर पहिला संशय याच्यावर. आणि या सेन्सरची खोड अशी की तो तापल्यावर दगा देतो, थंड झाला की नीट. गॅरेजात गाडी पोचेपर्यंत तो गार झालेला असतो आणि दोष सापडत नाही. म्हणून रस्त्यावर असतानाच काटा बघून ठेवायचा, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढायचा.

आवाजातली लय

सेल्फचा आवाज नीट ऐका. धुर्र-धुर्र-धुर्र यात ठेका असतो. प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना मोटरला जोर लागतो, मग सुटतं, मग पुढचा सिलिंडर. हा ठेका हरवून इंजिन एकदम हलकं, वेगानं, "घुंईंऽऽ" असं सलग फिरायला लागलं, तर दाबच बसत नाहीये. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी. आता एकदाही सेल्फ मारू नका. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटल्यावर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आपटतात, आणि हेड खोलायची वेळ येते. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

डिझेल गाडीची चौकशी वेगळी. तिथे सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघायचं. पांढरट-राखाडी धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. धूर अजिबात नसेल तर डिझेलच जात नाहीये. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली की लाइनमध्ये हवा शिरते, "एअर धरली" म्हणतात ती. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरजवळचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबून ती हवा काढावी लागते. आणि आताच्या कॉमन रेल गाड्यांना (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या) पकडण्यासाठीच रेलमध्ये दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. कुठे जरा गळती झाली की सेल्फ मारून तेवढा दाब होतच नाही.

पावसाळ्यात मात्र आधी गाडीला हात लावू नका

वर सांगितलेलं सगळं कोरड्या गाडीचं. बडोद्यात पाऊस लागला की अलकापुरीचं गरनाळं, रेल्वेखालचा रस्ता, पाण्यानं भरतं, आणि समोरचा गेला म्हणून आपणही घालतो. गाडी मधेच बंद पडते. लोक पहिलं काम करतात ते सेल्फ मारण्याचं, आणि तिथेच इंजिन जातं.

हिशेब बघा. १२०० सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० मिलिलिटर येतात. पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्या डोक्यावर उरते ती जागा जेमतेम ३३ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं दहा मिलिलिटरचं झाकण सव्वातीनदा भरा, तेवढी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेच्या वाटेनं तेवढं पाणी आत गेलं असेल तर पिस्टन वर येताना अडतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. चालत्या इंजिनात तर फारच जोरात, पण सेल्फनंही हे होऊ शकतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांवर गेली, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या दिवस-दिवस पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे फोनांची रीघ लागली, आणि मी प्रत्येकाला एकच विचारत होतो: "सेल्फ मारलात का?" ज्यांनी मारला नव्हता, त्यांच्या गाड्यांचे प्लग काढले, इंजिन हळूहळू फिरवून आतलं पाणी पिचकारीसारखं बाहेर पडू दिलं, ऑइल आणि फिल्टर दोनदा बदलले. त्यांतल्या पुष्कळ इंजिनांना पुढे काही झालं नाही. ज्यांनी "फक्त बघायला" एकदा सेल्फ मारला होता, त्यांतल्या काहींचे रॉड वाकलेले निघाले.

तेव्हा पाण्यातून गेलेली किंवा पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल, तर बॅटरीचं टर्मिनल काढा, एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर थांबा. ऑइलची काडी ओढून बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर थांबा. गाडी ओढून न्या, आणि विमा कंपनीला आधी कळवा. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली नसेल, तर पाणी शिरलेलं इंजिन पुढे सुरू करायला गेल्यानं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारलं जातं.

पाण्याचा दुसरा त्रास टाकीत होतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं, पण पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं, आणि पंपाचं तोंड नेमकं तळाशी. भर पावसात पेट्रोल भरून निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरवर गाडी गचके देत बंद पडली, तर भरल्याची पावती जपून ठेवा आणि टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून घ्यायला सांगा. दोन थर वेगळे दिसतात.

दोन गोष्टी घरी करू नका. प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरून ठिणगी बघायची जुनी पद्धत आताच्या गाड्यांत कॉइल आणि कॉम्प्युटर जाळू शकते. तिथला दाब हजारो व्होल्टचा असतो, माणसालाही जोराचा झटका बसतो. आणि हवेच्या वाटेनं स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही, डिझेलमध्ये तर कधीच नाही. तिथल्या हवा गरम करणाऱ्या, तापलेल्या ग्लो प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा "सुरू होत नाही" एवढंच सांगू नका. सेल्फ जोरात फिरतो की रेंगाळतो, पिवळा दिवा लागतो का, चावीचा दिवा लुकलुकतो का, पंपाचा आवाज येतो का, सायलेन्सरला वास आहे का, काटा हलतो का, हे सांगा. आणि आदल्या एक-दोन दिवसांत गाडीचं काय-काय केलं तेही सांगा, मग ते कितीही किरकोळ वाटो: पेट्रोल कुठे भरलं, इंजिन पाण्यानं धुतलं का, बॅटरी काढली होती का, काही नवीन बसवलं का. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बडोद्यातल्याच अकोट्याहून एक गाडी ओढून आणली. आदल्या दुपारपर्यंत उत्तम चालत होती, आता सेल्फ फिरत होता, पंप मुका. मालक म्हणाले, काहीच केलं नाही, सणाची म्हणून सीट कव्हरं तेवढी बदलली. मागची गादी उचलली. कव्हर बसवताना पंपाचा कनेक्टर ओढला जाऊन अर्धवट निसटला होता. तो दाबून "खट्" असा बसवला, आणि गाडी पहिल्या सेल्फला पकडली.